वाघाचं नाव गाळलेली शिवी

कुरखेड्याकडच्या एका लहानशा शाळेत मी बारा वर्षं शिकवते आहे, आणि एवढ्या वर्षांत माझ्याविरुद्ध एकच लेखी तक्रार आली. मी कुणाला मारलं म्हणून नाही, उशिरा आले म्हणूनही नाही. तिसरीतल्या एका मुलीला मी 'नेले' म्हणाले म्हणून.

मुलीचे वडील बँकेत. बदली होऊन पुण्याकडून नुकतेच आलेले. मुलगी माझी लाडकी होती, तोंडाळ आणि विसरभोळी. सलग तिसऱ्या दिवशी तिनं गणिताची वही आणली नाही तेव्हा मी म्हटलं, "काऊन गं नेले, आज बी वही बकरीनं खाल्ली का?" वर्ग हसला, तीही हसली. एवढ्यावर भागलं असतं. पण संध्याकाळी वडील बँकेतून घरी आले तेव्हा या बाईसाहेबांनी कमरेवर हात ठेवून त्यांना सांगितलं, "नेल्या, चपला बाहेर काढ."

दुसऱ्या दिवशी अर्ज आला. भाषा अगदी सभ्य होती, तेच मला जास्त झोंबलं. आमचे मुख्याध्यापक इथलेच. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्याडम, हा शब्द माह्या घरी दिवसातून पन्नास डाव होते. पन कागद आला ना आता. तुमी खुलासा द्या. शब्दाचा अर्थ काय, कुठून आला, अपशब्द आहे का नाई. सोमवारपर्यंत."

मी आधी हसले, मग चिडले. ज्या शब्दानं मला झोपेतून उठवलं, जेवायला वाढलं, परीक्षेला पाठवलं, त्याचा आता खुलासा द्यायचा! पण नोकरी ती नोकरी. शुक्रवारी संध्याकाळी फुलस्केप कागद घेऊन बसले.

अर्थ तसा सोपा आहे. देशावरच्या बायका लाडानं-रागानं 'मेल्या' म्हणतात, तसं आमच्या गावच्या बायका 'नेल्या' म्हणतात. पोरीला 'नेले'. पूर्ण शिवी अशी, 'वाघानं नेल्या'. बैल धानाच्या बांधीत शिरला, पोरगं चिखलात लोळून आलं, नवरा बाजारातून मीठ आणायचं विसरला, की या बायांच्या तोंडून हीच शिवी निघायची. पण आमच्याकडे जंगल घराच्या मागच्या दारी. आणि जंगलाच्या अंगणात राहायचं तर त्याचं नाव घ्यायचं नाही. सापाला 'लांबडं' म्हणायचं, वाघाला 'जनावर' म्हणायचं. फारच जवळ असेल तर नुसतं 'तो'. आता ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या नावानं शिवी कशी द्यायची? मग बायांनी शिवीतून वाघच काढून टाकला. उरला नुसता 'नेल्या'. कोणी नेला, कुठं नेला, याचा पत्ता नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या मायनंच मला लहानपणी सांगितलं होतं. मी विचारलं होतं, "माय, मी नेली म्हंजे कोनं नेली?" ती भाकर थापत होती. म्हणाली, "नेलीच्या पयलचं गिळाचं असते. पोटात गेलं का मंग कोनाले लागत नाई."

सगळ्या सौम्य शिव्या अशाच झाल्या असाव्यात, असं मी खुलाशात लिहिलं. 'च्यायला' म्हणणाऱ्याला कुणाच्या आईविषयी काही म्हणायचं नसतं. 'तिच्या मारी' यातली ती कोण, हे म्हणणाऱ्यालाही सांगता येणार नाही. माणसाला राग तर काढायचा असतो, पण समोरच्याचं वाईट व्हावं असं काही वाटत नसतं. म्हणून मूळ शब्दाचे दात पाडून टाकायचे आणि मग तो शब्द घरात मोकळा सोडायचा. लिहिताना मी अगदी रंगात आले होते. दीड पान झालं. 'उदाहरणार्थ' असा शब्द लिहिला आणि हात थांबला.

कारण उदाहरण म्हणून मला माझी मायच आठवत होती, आणि मायनं चार वर्षांपासून तो शब्द तोंडातून काढलेला नव्हता.

आमचं गाव चिमूर तालुक्यात, तलावाच्या पाळीखाली. आम्ही तलावातल्या मासोळीवर आणि थोड्या धानावर जगणारी माणसं. मी दहावीत असताना वडील गेले. तेव्हापासून मायनं आणि काकांनी मिळून घर ओढलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, शेजारच्या खोल्यांत काकूसोबत राहणारे. मधे एकच अंगण. काकांनी जाळं टाकायचं, मायनं मासोळी टोपलीत घेऊन गावोगाव विकायची. मला शिकवलं ते त्या दोघांनी.

आणि दिवसभर त्यांचं भांडण. दीर-भावजयीचं गोड भांडण असतं तसं. पाहुणे असले की माय त्यांना 'भाऊजी' म्हणायची, एरवी 'नेल्या'. "नेल्या, जाळं वाळत घातलं का?" "नेल्या, चहा थंडा होऊन राह्यला." काकाही कमी नव्हते. "आलो वो, कायले माह्या नावानं जंगल डोक्यावर घेतं?" असं ओरडत यायचे. चैत्रात दोघं मोहफुलं वेचायला जायचे, तेव्हा तर हा शब्द सारखा चालू असायचा. मोह वेचताना माणूस तासभर कमरेतून वाकलेला असतो, नजर जमिनीवर. प्रत्येकाचं झाड वेगळं. म्हणून थोड्या थोड्या वेळानं एकमेकांना हाळी द्यायची पद्धत. कुणी नातेवाइकाचं नाव घेतं, कुणी नुसतं 'हो' करतं. माय "ओ नेल्या" म्हणायची आणि पलीकडून काकांचा "ओ वयनी" यायचा. लहानपणी मी त्यांच्यासोबत गेले की ती हाळी ऐकत टोपलीपाशी पेंगत असे.

चार वर्षांपूर्वीच्या चैत्रात, दिवस उगवल्यावर थोड्याच वेळात, जनावरानं काकांना धरलं. मोहाखाली वाकलेले होते. मागून आलं. खांद्याला आणि चेहऱ्याच्या डाव्या बाजूला धरून वीस-पंचवीस पावलं ओढत नेलं. मायनं पाहिलं आणि ती टोपली घेऊन ओरडत धावली. आजूबाजूच्या झाडांखालची माणसं डबे बडवत आली. जनावर त्यांना टाकून गेलं. तीन महिने दवाखान्यात काढून काका जिवंत परत आले. डावा कान गेला होता, गालाचा आकार बदलला होता, खांदा पूर्ण वर जात नव्हता.

काका परत आले आणि माय बदलली.

"भाऊजी, तुमी जेवले का?" असं म्हणू लागली. तेही लांबून, खाली बघून. ताट काकूच्या हाती पाठवायची. काका अंगणात आले की तिला आत काहीतरी काम निघायचं. 'नेल्या' हा शब्द तर तिनं असा टाकला की बैलालाही म्हणेना, मांजरालाही म्हणेना. गल्लीतल्या इतर बायासुद्धा काका दिसले की जीभ चावायच्या. पानठेल्यावर गेले की माणसं उठून त्यांना खुर्ची द्यायची, हळू आवाजात बोलायची. "मी मेलो नाई ना बे अजून!" असं काका एकदा तिथं ओरडले म्हणे. त्यानंतर तिथली माणसं आणखीच हळू बोलायला लागली.

मायच्या गप्प होण्याचा अर्थ मी लगेच लावून टाकला. शिकलेली पोर ना मी! तिला वाटत असणार की तिची शिवी खरी ठरली. आयुष्यभर दिराला 'नेल्या' म्हटलं आणि शेवटी खरंच नेलं. गावालाही असंच वाटत होतं. मी एका दिवाळीत तिला बसवून समजावलं, अगदी वर्गात समजावते तसं. "माय, शब्दानं कधी जनावर येत नसते. तो अंधविश्वास आहे." ती म्हणाली, "मले मालूम आहे." आणि भांडी घेऊन तलावावर निघून गेली. मला वाटलं, टाळते आहे. ती खरंच उत्तर देऊन गेली होती, पण मास्तरणीला आपण ठरवलेलं उत्तर आलं नाही की ते ऐकूच येत नाही.

मला त्या घरात जायची धास्ती वाटू लागली होती, हे कबूल करते. दोघांची वयं झालेली. भिंतीला भिंत. आणि मधल्या अंगणातून दोघं एकमेकांना चुकवून जाणार. यातलं एक माणूस असंच न बोलता मरून जाईल आणि दुसरं उरलेलं आयुष्य ते उगाळत बसेल, ही एकच भीती मला होती. मी त्यासाठी काही केलं का? नाही. दर सुटीला गेले, दोन्हीकडे जेवले, परत आले.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धवट खुलासा पिशवीत घालून मी वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड अशा गाड्या बदलत घरी गेले. शब्दाचा अर्थ मायलाच पुन्हा विचारावा, असं मी स्वतःला सांगत होते.

रविवारी सकाळी माय ओसरीत सुपात लाखोरीच्या डाळीचे दाणे पाखडत होती. काका अंगणाच्या पलीकडे आपल्या दारात जाळं दुरुस्त करत बसले होते. मी कागद काढला आणि तक्रारीची सगळी हकीकत सांगितली. मुलीनं बापाला चपला काढायला लावल्या हे ऐकून मायच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पलीकडून काका मोठ्यानं हसले. तेवढं हसू ऐकून मला जोर आला. मी खुलासा वाचायला सुरुवात केली, आणि मुद्दाम मोठ्यानं वाचला. मला राग आला होता, खरं सांगायचं तर. त्या दोघांचा, त्या अंगणाचा आणि पुण्याच्या त्या साहेबांचाही. 'उदाहरणार्थ' नंतर कागदावर काहीच नव्हतं. तिथं मी तोंडानं जोडून दिलं, "उदाहरणार्थ, माझ्या आईनं हा शब्द चार वर्षांपूर्वी टाकला, कारण आपली शिवी खरी ठरली असं तिला वाटतं."

माय सूप खाली ठेवून म्हणाली, "हे खोटं आहे. खोड ते."

"मंग खरं काय आहे ते सांग."

ती दाण्यांतून बोट फिरवू लागली. मला वाटलं, उठून आत जाईल. पण ती उठली नाही.

"आदल्या दिशी घरी पाव्हने होते," ती म्हणाली. "म्या मासोळीचा रस्सा केल्ता. पाव्हन्याइच्या समोर भाऊजीनं म्हटलं का वयनीचं वय झालं, आता मिठाचा अंदाज येत नाई, रस्सा आळनी आहे. मले लय राग आला. सकाळी संगं गेलो मोह वेचाले, पन म्या तोंड उघडलं नाई. हरेक साली मीच पयले हाक मारतो. त्या दिशी म्हटलं, नाई मारत. पाहू दे एक डाव, कोन पयले बोलते तं. तिकडून बी आवाज नाई. हे वाकून, मी वाकून. बाकीचे लोकं दूर होते. एवढं चूप होतं का मोह पडलेला आयकू येत होता."

मी कागदाची घडी घालत होते, उगीचच.

"जनावराले कसं समजन का इथी मानूस आहे? तो बी आवाजाले भेते. हाक आयकली असती तं बाजूनं निंगून गेला असता. तुले वाट्टे का शिवीनं झालं. शिवीनं नाई झालं बाई. त्या दिशी शिवी देल्ली नाई म्हनून झालं."

मी तिची मुलगी, त्या जंगलात टोपलीपाशी पेंगत मोठी झालेली. ती हाळी कशासाठी असते हे मला माहीत होतं. आणि चार वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात हे आलं नाही. मी अंधविश्वासावर भाषण देऊन गेले होते. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

"मंग नंतर काऊन नाई म्हनत?" मी कसंबसं विचारलं. "ते जिवंत आले ना माय."

"कोन्या तोंडानं म्हनू? जवा म्हनाले पायजे होतं, तवा म्हनलं नाई. आता कायले म्हनाचं?"

त्या खुलाशाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. दीड पान मी फाडून टाकलं. सोमवारी दोनच ओळी दिल्या, की हा आमच्याकडे मायेचा शब्द आहे, पण आपल्याला वाईट वाटलं असेल तर मला खरंच खेद आहे. बँकेचे साहेब भले निघाले. त्यांनी अर्ज मागे घेतला आणि मुलीच्या दप्तरात वही घातली की नाही हे रोज स्वतः बघू लागले.

पण त्या रविवारी कागद माझ्या हातात चुरगळलेला होता आणि पलीकडे काकांच्या हातातली जाळ्याची सुई थांबली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एक कान गेला असला तरी दुसरा चांगला शाबूत होता. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, अंगण ओलांडून आले आणि आमच्या ओसरीच्या पायरीवर बसले. चार वर्षांत पहिल्यांदा. माय उठू लागली, तसे म्हणाले, "बस. चाल्ली कुठी?"

ती बसली.

"मले वाटलं, तुले माहं तोंड पाहवत नाई," काका म्हणाले. "म्हनून तुमी-तुमी करून राह्यली. मी बी मंग तुह्या समोर येनं सोडलं. म्हटलं, कायले तिले तरास द्याचा."

माय नुसती मान हलवत राहिली, नाही, नाही.

"आन् हाक तं म्या बी नाई मारली ना, वयनी. मले बी राग होता. रात्री तू पाव्हन्याइच्या समोर मले भातच वाढला नाई. मी बी म्हटलं, पयले तिले बोलू दे. दोघं बी तोंड शिवून होतो. मंग सारा दोष एकटीनं काऊन घेतला? अर्धा माहा आहे. चार साल झाले, माह्या वाटनीचं बी तूच वाहून राह्यली. दे माहं मले."

माय रडली. तोंडाला पदर लावून, आवाज न करता, सुपातल्या लाखोरीवर पाणी पडत होतं तरी तिला भान नव्हतं. मीही रडले. काका मात्र रडले नाहीत. ते तलावाच्या पाळीकडे बघत होते, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "पन रस्सा आळनीच होता."

मायनं एकदम वर पाहिलं. मला वाटलं, आता भांडणार. तिनं पाहिलं ते त्यांच्या तोंडाकडे, सरळ, डाव्या बाजूकडे, जिकडे आम्ही सगळेच चार वर्षं न बघता बोलत होतो. ती बघत राहिली. मग हात पुढं करून त्या गालाच्या अगदी जवळ नेला, पण लावला नाही.

"दुखते का रे अजून?"

"थंडीत दुखते," काका म्हणाले. "रात्री लय ठनकते."

"मंग एवढे साल सांगतलं काऊन नाई?"

"कोनी इचारलं कुठी?"